टकळी नको, हिशेब शिकवा



आपल्याकडे वावर म्हणजे शेत. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात मात्र वावर नावाचे गाव आहे. 1992 साली वावर-वांगणीची लहान लेकरे कुपोषणाने मेली, तेव्हा मुंबईला हे नाव कळले. जव्हार-मोखाड्याचा आदिवासी डोंगरउतारावर नागली आणि वरई पिकवतो आणि पीक निघाले की बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर जातो. आपण कापूस-ज्वारीवाले. तिकडे पाऊस धो धो पडतो तरी उन्हाळ्यात टँकर लागतो, इकडे पाऊसच दगा देतो. दोघेही कोरडवाहू. आणि दोघांच्या गावातली शाळा एकाच साच्याची.

या बैठकीपुढे एक ठराव आहे: 'प्राथमिक शाळेत शेती विषय सक्तीचा करा.' मांडणाऱ्यांची कळकळ खरी आहे. पण हा ठराव अर्धा आहे, आणि अर्धा ठराव मंजूर करू नका. सरकारने हा डाव तीनदा मांडला आणि तिन्ही वेळा तो फसला.

पहिला डाव इंग्रजांचा. मुंबई इलाख्यात पुण्याजवळ लोणीला शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मराठी शेतकी शाळा निघाली. त्या धर्तीच्या आणखी शाळा निघाल्या, पण मोजक्याच. 1926 साली नेमलेल्या शेतकी रॉयल कमिशनने 1928 साली अहवाल दिला. त्याने लोणीपेक्षा पंजाबची रीत पसंत केली: साध्या शाळेतल्याच मास्तरला लायलपूरला शेतीचे शिक्षण द्यायचे आणि शाळेला जमिनीचा तुकडा जोडायचा. म्हणजे साहेबालाही कळले होते, आधी मास्तर तयार करावा लागतो.

दुसरा डाव आपल्याच कापूस मुलखातला. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली. झाकीर हुसेन समितीने सात वर्षांचे मोफत, सक्तीचे आणि हस्तोद्योगातून शिक्षण सुचवले. हेतू मोठा होता. पण त्यात एक अपेक्षा अशी होती की पोरांनी काढलेल्या मालातून मास्तरचा पगार निघावा. जिथे बापाच्या कापसाला भाव नाही, तिथे लेकाच्या सुताला कुठून येणार? समितीने मास्तरच्या प्रशिक्षणावर भर दिला होता. शाळाशाळांतून उरली ती टकळी, आणि पुढे तीही गेली.

तिसरा डाव कोठारी आयोगाचा, 1964 ते 1966. त्यातून 'कार्यानुभव' आला. कार्यानुभवाच्या तासाला खेड्यातल्या शाळेत काय चालते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस बिनदप्तराचे देऊन सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे पाठवा म्हणते. दहा दिवसांत मिरचीचे रोप तरी लावणीला येते का?

पुरी मागणी कुणी केली होती? महात्मा फुल्यांनी, 1882 साली हंटर आयोगापुढे. त्यांनी शेतीची ओळख मागितली, शाळेला नमुन्याचे छोटे शेत मागितले. पण त्याचबरोबर हिशेब मागितला, इतिहास-भूगोल मागितला, आणि मास्तर शक्यतो शेतकरी समाजातला, प्रशिक्षित, नांगर आणि वाकस हाती धरू शकणारा मागितला. त्याला पोट भरेल असा पगारही मागितला. सरकारने शेताचा तुकडा तेवढा अधूनमधून उचलला. मास्तर आणि हिशेब बाजूला ठेवले.

जिथे मास्तर आधी घडला, तिथे काम उभे राहिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1935 साली साताऱ्याला ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले, आणि रयतेचीच पोरे मास्तर होऊन खेड्यांत गेली. वावरच्याच जिल्ह्यात, आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी पाड्यावर नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. पोर शाळेत येत नाही म्हणून त्यांनी पोराला दोष दिला नाही.

काही भाऊ विचारतील, 'आम्ही शेतीत मेलो, आता पोरालाही त्यातच गाडायचे का?' प्रश्न रास्त आहे. फक्त खेड्यातल्या पोरांना शेती आणि शहरातल्या पोरांना संगणक, असे असेल तर ते शिक्षण नव्हे, वेठ आहे. म्हणूनच हिशेब हवा. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते. गाठ 170 किलोची. म्हणजे 5 क्विंटलांची एक गाठ, आणि सरकी वेगळी. गाठीचा भाव काय, सरकीचा काय, आणि आपल्या हाती काय आले? हे गणित सातवीच्या पोराला सुटते, पण एकाही गणिताच्या पुस्तकात ते माझ्या पाहण्यात नाही. मी कृषी पदवीधर आहे. मलाही ते वर्गात कुणी शिकवले नाही. वावरच्या पोराला भट्टीवरची उचल, हजार विटांमागची मजुरी आणि 2006 च्या वनहक्क कायद्याचा दावा वाचता आला, तर मुकादमाची वही त्याला फसवू शकणार नाही. असे शिकलेले पोर शेतीत राहील किंवा शेती सोडील. दोन्ही आपल्या मर्जीने.

म्हणून ठराव असा दुरुस्त करा:

1. शेती व हिशेब हा विषय गावात आणि शहरात सारखाच असावा.
2. आधी शिक्षकाचे पुरे प्रशिक्षण, मग विषय. शिक्षकाची रिकामी जागा आधी भरा.
3. पोरांच्या श्रमातून शाळेचा खर्च काढायचा नाही.
4. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी शाळा भट्टीवर आणि उसाच्या फडावर गेली पाहिजे.
5. 2023 साली सरकारने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची कल्पना पुढे आणली. पाड्यावरची शाळा उठली की पोरगी घरी बसते. या कल्पनेला आपला विरोध नोंदवा.

अर्ध्या ठरावाला हात वर करू नका. फुल्यांनी मागितले ते सगळे मागा.