मर्चंट नेव्हीची भरती कधी निघते?

बारावीचे पेपर संपले की करिअर समुपदेशकाच्या टेबलावर हा प्रश्न येतोच. पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डीकडच्या मुलांकडून तर हमखास येतो. त्यांच्या लेखी नोकरी म्हणजे भरती: जाहिरात, मैदान, सोळाशे मीटर, लेखी, मेडिकल. नगरच्या मुलाला वर्दीची नवलाई नसते. भिंगारची छावणी, चिलखती दलाचं केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र, रणगाडा संग्रहालय हे सगळं त्याच्या रोजच्या रस्त्यावर आहे. अशा गावात ‘नेव्ही’ म्हटलं की मुलगा ताठ उभा राहतो. अलीकडचा ‘मर्चंट’ त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही.

या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावं: भरती निघत नाही, कारण मर्चंट नेव्ही नावाचं दल नाही. माल आणि प्रवासी वाहणारी व्यापारी जहाजं आणि त्यांवर काम करणारी माणसं, या सगळ्यांचं मिळून ते नाव आहे. जहाज एखाद्या कंपनीचं असतं, झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा, कप्तान आणखी तिसऱ्याच देशाचा. पोटात क्रूड, कोळसा, मोटारी, नाहीतर न्हावा-शेव्याहून आखाताकडे निघालेला आपल्या घोडेगावचा कांदा. नोकरी काही महिन्यांच्या कराराची. करार संपला की घरी, पुढचा करार होईल तेव्हा पुन्हा जहाजावर. नौदल संरक्षण मंत्रालयाचं. हे क्षेत्र बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्रालयाचं, आणि त्यावर देखरेख मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाची, म्हणजे सगळे म्हणतात त्या ‘डीजी शिपिंग’ची.

मग नावात ‘नेव्ही’ आली कुठून? पहिल्या महायुद्धात ब्रिटनचं अन्नधान्य आणि दारूगोळा वाहणारी व्यापारी जहाजं जर्मन पाणबुड्यांनी मोठ्या संख्येनं बुडवली. त्या खलाशांच्या कामगिरीची दखल म्हणून युद्धानंतर पंचम जॉर्जनं व्यापारी ताफ्याला ‘मर्चंट नेव्ही’ हा किताब दिला. अमेरिकेत याच ताफ्याला ‘मर्चंट मरीन’ म्हणतात. आपल्या १९५८ च्या कायद्याचं नावही ‘मर्चंट शिपिंग’ असंच आहे, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी संसदेनं नवा कायदा केला तोही त्याच नावाचा. किताब पोकळ नव्हता, हेही मुलांना सांगायला हवं. त्या जहाजांवर कोकणातले, गोव्यातले, बंगालमधले हजारो खलाशी होते. समुद्र हीच ज्यांची कबर, अशा खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या भारतीय व्यापारी खलाशांचीच संख्या सहा हजारांच्या घरात जाते.

किताब येण्याआधीच आपलं जहाज निघालं होतं. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं. राष्ट्रीय सागरी दिन पाळतात तो त्याच तारखेला. कंपनीच्या संस्थापकांतले वालचंद हिराचंद सोलापूरचे, म्हणजे आपल्यासारखेच कोरड्या मुलखातले. समुद्र आणि नगर यांचा काय संबंध, असं विचारणाऱ्या पालकाला हा दाखला द्यावा. त्याहून जुना हवा असेल तर निजामशाहीचा: नगरच्या सुलतानांचा परदेशी व्यापार चौल बंदरातून चाले, आणि १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहानं पोर्तुगिजांच्या चौलला वेढा घालून हात पोळून घेतले होते.

दोन ‘नेव्हीं’तला फरक समजावायला व्याख्येपेक्षा एक घटना बरी. मार्च २०२४ मध्ये एडनच्या आखातात येमेनमधल्या हूथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर आदळलं. तीन खलाशी मेले. उरलेल्यांपैकी एकवीस जणांना भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’नं हेलिकॉप्टर आणि बोटींनी बाहेर काढलं, त्यांत एक भारतीय होता. वाचवायला आले ते नौदल. वाचले ते मर्चंट नेव्ही: हातात बंदूक नाही, युद्धाशी देणंघेणं नाही, पण जहाज मात्र त्याच पाण्यात.

हे सगळं एवढ्यासाठी सांगायचं की ‘भरती’च्या समजुतीवर दलालांचा धंदा चालतो. सरकारी वाटणारं नाव, वर्दीतले फोटो, पाच छोटे कोर्स आणि सीडीसी काढून देतो, मग जहाज पक्कं, असा हिशेब मांडला जातो. सीडीसी ही खलाशाची ओळख आणि सेवेची नोंद ठेवणारी पुस्तिका आहे. ती हातात आली म्हणजे नोकरी लागली असं नाही. खलाशाला जहाजावर पाठवणाऱ्या एजन्सीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो, आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं परवानाधारकालाही मना आहे. एकरभर विकून ‘जॉइनिंग’चे पैसे भरायला निघालेल्या बापाला हे एक वाक्य वेळेवर कळलं तरी पुष्कळ.

खरे रस्ते मोजकेच आहेत. बारावीला भौतिक, रसायन आणि गणितात सरासरी साठ टक्के आणि इंग्रजीत पन्नास असतील तर इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा. तिथून वर्षभराचा डीएनएस (डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स), तीन वर्षांची नॉटिकल सायन्सची बीएस्सी किंवा चार वर्षांचं मरीन इंजिनिअरिंग. मेकॅनिकलच्या पदवीधराला एका वर्षाचा वेगळा कोर्स आहे. दहावीनंतर साध्या खलाशाच्या कामासाठी सहा महिन्यांचं जीपी रेटिंगही आहे, पण संस्था मान्यताप्राप्त हवी. डीएनएसवाल्याला त्यानंतर अठरा महिने कॅडेट म्हणून समुद्रावर काढावे लागतात, तेव्हा कुठे सेकंड मेटच्या, म्हणजे डेकवरच्या अधिकाऱ्याच्या पहिल्या, परीक्षेला बसता येतं. संस्था निवडताना फीच्या आधी एकच विचारायचं: कॅडेटशिप कोणती कंपनी देणार, आणि ते लेखी आहे का?

‘व्यापारी नौदल’ हा शब्द मात्र आपल्या माहितीपत्रकांतून काढलेला बरा. मुलं ‘मर्चंट नेव्ही’ म्हणतात ते म्हणू द्या, खाली ‘व्यापारी जहाजावरची नोकरी’ असं छापा. आणि अर्ज भरण्याआधी, कर्जाची फाइल बँकेत जाण्याआधी, मुलाला डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे पाठवून डोळे तपासून घ्या. रंगांधळेपणा निघाला तर डेकचा रस्ता तिथेच बंद होतो, मग गुण कितीही असोत.