जुन्या ट्रॅक्टरांचे मंद दिवे

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे मुळशी तालुक्याच्या पूर्व भागांतील रस्त्यांवर रात्रीची रहदारी एकदम वाढते. तोडलेला ऊंस पडून राहिला तर वजन व साखर दोन्ही घटतात. सबब कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याकडे ऊंस नेणारास दिवस मावळला म्हणून थांबून चालत नाहीं. घोटावडे व आसपासच्या गांवांतील शेतकऱ्यास ज्या रस्त्यानें जावें लागतें, त्याच रस्त्यानें हिंजवडीच्या संगणक-उद्योगांतील नोकर मंडळी आपल्या वेगवान मोटारींतून घरीं परततात. एकीकडे नव्या मोटारीचा लखलखाट आणि दुसरीकडे वीस-पंचवीस वर्षें राबलेल्या ट्रॅक्टराचा तांबूस, मिणमिणता दिवा, असा हा विषम सामना आहे. कडेनें पायीं चालणारा बापडा या दोहोंच्या मध्यें सांपडतो.

दिवा मंद लागतो अशी तक्रार घेऊन शेतकरी दुकानीं गेला कीं दुकानदार बहुधा दोनपैकीं एक वस्तु पुढें करतो : शंभर वॅटचा बल्ब, नाहीं तर पांढराशुभ्र एल.ई.डी. बल्ब. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, शंभरापैकीं पुष्कळ ट्रॅक्टरांत दोष बल्बाचा नसून बल्बापर्यंत वीज नेणाऱ्या वाटेचा असतो. आणि ती वाट दुरुस्त केल्यावांचून बल्बावर पैसा घालणें म्हणजे तो वायां घालणें होय.

पाटाचें पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत ज्यानें नेलें आहे त्यास हें समजणें अवघड नाहीं. विहिरींत पाणी भरपूर असूनहि पाट उंदरांनीं पोखरला असेल तर शेवटचा वाफा कोरडा राहतो. त्यावर उपाय म्हणून कोणी वाफा मोठा करीत नाहीं. ट्रॅक्टराची बॅटरी ही विहीर, तार हा पाट, आणि बल्ब हा शेवटचा वाफा. फरक इतकाच कीं, हॅलोजन बल्ब वाफ्यापेक्षां फार नाजूक आहे. दाब शेंकडा १० नें घटला तर त्याचा उजेड शेंकडा १० नें नव्हे, सुमारें शेंकडा ३० नें घटतो. बारा व्होल्टांपैकीं सव्वा व्होल्ट वाटेंत मुरला कीं एक-तृतीयांशाच्या जवळपास उजेड गेला असें समजावें.

हा सव्वा व्होल्ट मुरतो कोठें ? ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारें ९ अँपियर प्रवाह घेतात. एक चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार चार मीटर लांब असली तर तिचा रोध सुमारें ०.०७ ओम भरतो, आणि एवढ्या तारेंतच ०.६ व्होल्ट खर्ची पडतात. जुन्या ट्रॅक्टरांत हा सारा प्रवाह बॅटरीकडून चालकासमोरील बटणाकडे आणि तेथून पुन्हां पुढें दिव्यांकडे असा फिरतो. बटणाच्या आंतील काळवंडलेलीं टोकें, चिकटपट्टी गुंडाळून केलेले जोड आणि सर्वांत वाईट म्हणजे परतीची वाट, हीं उरलेला दाब खातात. परतीची वाट म्हणजे ट्रॅक्टराचें लोखंड. दिव्याचा अर्थ जेथें बोल्टनें आवळलेला असतो तेथें रंगाचे दोन थर आणि गंजाचा एक थर चढलेला असतो. (सहा व्होल्टांच्या जुन्या जीपगाड्या ज्यांनीं हांकल्या आहेत त्यांस याचा अनुभव असेल. तेवढ्याच वॅटास तेथें प्रवाह दुप्पट लागतो आणि त्याच तारेंतील नुकसानीचें प्रमाण चौपट होतें.)

शंभर वॅटचा बल्ब काय करतो तेंहि यावरून दिसेल. प्रवाह ९ वरून सुमारें १७ अँपियरांवर जातो, तारेंतील उष्णता तिपटीहून अधिक होते, बटण वितळतें, आणि एवढें होऊन अपेक्षित उजेड मिळत नाहींच. उसाचें वाळलें पाचट ट्रॉलीभर असतां तारा तापविणें हा धोका कोणीं कां पत्करावा ?

परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू व दिवे लागलेले ठेवून व्होल्टमापकाचें एक टोंक बॅटरीच्या धन खुंटीस व दुसरें बल्बाच्या धन टोंकास लावावें. जो आंकडा येईल तितका दाब वाटेंत गेला. मग बॅटरीची ऋण खुंटी व बल्बाचा अर्थ यांमध्यें तसेंच मोजावें. दोहोंपैकीं कोणताहि आंकडा अर्ध्या व्होल्टाहून मोठा आला तर त्या बाजूस काम आहे. ऋण बाजूचें काम बहुधा कानशीनें लोखंड घासून व दिव्यापासून बॅटरीपर्यंत एक वेगळी तार ओढून संपतें. धन बाजूस रिले बसवावा. रिले म्हणजे लहानसें चुंबकी बटण. चालकासमोरील बटणाच्या बारीक प्रवाहानें तें मोठ्या प्रवाहाचें दार उघडतें. त्याच्या ३० आंकड्याच्या टोकास बॅटरीकडून येणारी तार, ८७ स दिव्याकडे जाणारी, ८६ स जुन्या बटणाची आणि ८५ स अर्थ. मोठ्या झोतास एक व डिपरास एक, असे दोन रिले लागतात. तार २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी आणि बॅटरीच्या अगदीं जवळ १५ अँपियरचा फ्यूज घालावा. हा फ्यूज गाळून काम उरकणारा मिस्त्री कितीहि हुशार असो, त्याच्याकडून हें काम करवूं नये.

आपल्याकडील भातखाचरांची चिखलणी दिव्यांस आणखी एका प्रकारें बाधते. कांचेभोंवतालचें रबर फाटलेलें असलें कीं गढूळ पाणी आंत शिरतें व रिफ्लेक्टरच्या वाटीवरील चकाकी जाते. ती फडक्यानें पुसूं नये. तो पातळ मुलामा पुसण्यानें उरलासुरलाहि निघतो. वाटी काळवंडली असेल तर बदलावी.

एल.ई.डी.विषयीं आमचा आंधळा विरोध नाहीं. एल.ई.डी.साठींच घडविलेला, मान्यताप्राप्त, अख्खा दिवा बसविला तर प्रवाह कमी लागतो व उजेडहि चांगला पडतो. परंतु हॅलोजनसाठीं केलेल्या वाटींत नुसता एल.ई.डी. बल्ब खोंचला कीं प्रकाशाचें उगमस्थान जागचें हलतें आणि झोत रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०६ व्या नियमाप्रमाणें दिव्यापासून ८ मीटरांवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्ध्या मीटरावर व जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील ते दिपतां कामा नयेत. समोरून येणारा दुचाकीस्वार आपल्याच गांवचा असतो, आणि साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीच्या मानानें सुमारें एक-तृतीयांशच प्रकाश पोंचतो. दिपलेली दृष्टि परत यावयासहि त्यास अधिक वेळ लागतो.

झोताची दिशा पाहतांना एक गोष्ट हटकून विसरली जाते. भरलेल्या ट्रॉलीचा भार ट्रॅक्टराच्या मागल्या हुकावर येतो, पुढची बाजू उचलली जाते आणि रिकाम्या ट्रॅक्टरावर बरोबर बसविलेला झोत आकाशाकडे वळतो. म्हणून भिंतीसमोरची परीक्षा ट्रॉली भरूनच करावी. सपाट जागीं भिंतीपासून ८ मीटरांवर ट्रॅक्टर उभा करून दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर खडूची आडवी रेघ ओढावी. डिपरचा झोत तिच्या खालीं निदान आठ-दहा सेंटिमीटर राहिला पाहिजे.

कित्येक म्हणतील, ट्रॅक्टर हळू चालतो, रस्ता पायाखालचा, तेव्हां एवढा खटाटोप कशास ? हळू चालतो म्हणूनच. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें येते. आपणांस रस्ता दिसावा एवढ्यापुरताच दिवा नसतो, आपण दुसऱ्यास दिसावें यासाठींहि असतो. याच कारणानें ट्रॉलीच्या पाठीमागें चालू स्थितींतील तांबडे दिवे व धुऊन पुसलेले तांबडे रिफ्लेक्टर नसतील तर पुढचे दिवे कितीहि सुधारले तरी काम अर्धेंच झालें. लोंबणाऱ्या वाढ्यांनीं ते झांकले जातात. मोळ्या रचतांना तिकडे लक्ष ठेवावें.

हें काम एकेकट्यानें करण्यापेक्षां आपल्या संघानें हातीं घ्यावें अशी आमची सूचना आहे. दसऱ्यानंतर व तोडणी सुरू होण्यापूर्वीं एक दिवस ठरवून घोटावड्यास सर्व ट्रॅक्टर आणवावे, एका भिंतीवर रंगानें कायमची रेघ मारावी, आणि तारा, रिले व फ्यूज घाऊक आणून खरेदीच्या भावानें द्यावे. कारखान्याच्या चालकांनींहि वजनकांट्यावर तांबड्या रिफ्लेक्टरांवांचून आलेल्या ट्रॉलीस पहिल्या खेपेस समज द्यावी व दुसऱ्या खेपेस थांबवून ठेवावें. कांहीं सभासद यावर कुरकुर करतील, पण ती ऐकून घेण्याची तयारी चालकांनीं ठेवावी. व्होल्टमापक सर्वांस मिळून एकच पुरेल. तो संघाच्या कचेरींत असावा, आणि ज्यास पाहिजे त्यानें वहींत सही करून न्यावा व दुसऱ्या दिवशीं परत आणून द्यावा.