तुळाजीला आपण कुठे ठेवणार?

रविवारी दुपारी वसईच्या किल्ल्यात एक चक्कर मारा. एका कमानीखाली प्री-वेडिंग शूट चालू असतं, दुसऱ्या कमानीखाली कुणीतरी रील बनवत असतं. मागे ढोलताशा, स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत ‘१७३९’ आणि चिमाजी अप्पांचं नाव. खाली कॉमेंटमध्ये भगव्या झेंड्यांची रांग. यात चूक काहीच नाही. असं एक रील मीही टाकलंय. दोन वर्षं चाललेली मोहीम, मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेली वसई, अभिमान वाटणारच.

प्रश्न एवढाच, की आपली गोष्ट तिथेच का संपते? त्यानंतर सतराच वर्षांनी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गाच्या बंदरात मराठ्यांचं एक अख्खं आरमार जळालं. आणि ते जळालं तेव्हा पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने उभी होती. त्या आरमाराचा मालक होता तुळाजी आंग्रे. तो कुणाच्या रीलमध्ये नसतो.

त्याच्या वडिलांचं नाव तुम्हाला माहीत आहे. स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये एका ओळीत असतं : सरखेल कान्होजी आंग्रे, मराठा आरमारप्रमुख. एक मार्क, पुढचा प्रश्न. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ पासून त्यांचं नाव आहे, आयएनएस आंग्रे. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले, तो किल्ला कान्होजींचा. त्यांच्या हद्दीतून जहाज न्यायचं तर त्यांचं दस्तक घ्यावं लागे. नसेल तर जहाज धरलं जाई. इंग्रजांनी याला चाचेगिरी म्हटलं. पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षं हेच परवाने विकत होते, पण त्यांना चाचे म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. परवाना कोण देतो त्यावर चोर कोण ते ठरतं.

१७२९ मध्ये कान्होजी गेले. थोरला मुलगा सेखोजी चारच वर्षांत गेला. मग संभाजी आणि मानाजी या भावांचं भांडण पेटलं. थोरल्या बाजीरावांनी मध्यस्थी केली आणि घर वाटून दिलं : मानाजीला कुलाबा, संभाजीला विजयदुर्ग आणि सरखेल ही पदवी. वरवर न्याय झाला. पण जे आरमार दोन परकी सत्तांना एकत्र भारी पडलं होतं, त्याचे आता दोन तुकडे होते. वसईच्या मोहिमेत मानाजी पेशव्यांच्या बाजूने समुद्रावर होता. विजयदुर्गाची बाजू मात्र दूर दूर होत गेली.

संभाजीनंतर सरखेली तुळाजीकडे आली. माणूस दर्यावर पक्का होता. १७४९ मध्ये त्याने इंग्रजांचं ‘रिस्टोरेशन’ नावाचं लढाऊ जहाज धरलं आणि स्वतःच्या ताफ्यात लावलं. डचांशीही भिडला. पण तो पेशव्यांना जुमानत नव्हता, आणि शेजारच्या मराठा सरदारांच्या मुलखालाही त्याचा उपद्रव होता. नानासाहेब पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती, हे आधीच मान्य करून टाकू. तुळाजीला संत करायचा माझा अजिबात इरादा नाही.

पण तक्रार खरी असणं वेगळं आणि ती मिटवायला कुणाला घरात घ्यायचं हे वेगळं. मार्च १७५५ मध्ये पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तुळाजीविरुद्ध करार केला. एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग पडला. पुढच्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. जमिनीकडून पेशव्यांची फौज होती. तुळाजी किल्ला सोडून मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला आला होता. शेवटी आपल्याच माणसांकडे जावं, असं त्याला वाटलं असेल का? १२ तारखेला इंग्रजांचा एक गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. ताफा एकमेकांना खेटून नांगरलेला होता. एका जहाजाची आग दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर, आणि बघता बघता अख्खं आरमार गेलं.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यात आधी शिरले ते इंग्रज. सुमारे दहा लाखांची लूट त्यांनी आपापसात वाटून घेतली. पेशव्यांना किल्ला मिळवण्यासाठीच मग वेगळ्या वाटाघाटी कराव्या लागल्या आणि बदल्यात बाणकोट द्यावं लागलं. तुळाजीचं उरलेलं आयुष्य मराठ्यांच्या किल्ल्यांमध्ये कैदी म्हणून गेलं. आणि क्लाइव्ह? तो बंगालमध्ये पोचला. विजयदुर्गानंतर सोळा महिन्यांनी त्याने प्लासी जिंकली.

यावर हमखास येणारं उत्तर मला ठाऊक आहे : विजयदुर्गाला पेशव्यांचं आरमार होतंच की. होतं. आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांची जहाजं धरलीही. म्हणजे एका दिवसात सगळं संपलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण १७२१ मध्ये जो शत्रू कुलाब्यापुढे हरला होता, त्याला ३५ वर्षांनी आपणच बोलावून बंदर दाखवलं, हे कसं पुसणार?

आता परत वसईला या. ३१ डिसेंबर १८०२. होळकरांकडून हरलेला दुसरा बाजीराव पुणं सोडून इंग्रजांच्या आश्रयाला आला आणि त्याने तहावर सही केली. घरातलं भांडण, मदतीला इंग्रज. तोच जुना नुस्खा, फक्त या वेळी किंमत होती स्वतःचं स्वातंत्र्य. तहाचं नाव : वसईचा तह. चिमाजी अप्पांनी जिंकलेली वसई आणि त्यांच्याच घराण्यातल्या पेशव्याने सही केलेली वसई, एकच. मधे ६३ वर्षं. पहिली तारीख आपल्याला पाठ आहे. दुसरी परीक्षेपुरती. या दोन तारखांच्या मधे तुळाजी उभा आहे, आणि त्याला गाळलं की पहिल्यावरून दुसरीकडे आपण पोचलो कसे, हेच कळत नाही.

तो गाळला का जातो? कारण तो सोयीचा नाही. त्याच्यावर पोस्ट टाकून बघा. दहाव्या कॉमेंटपर्यंत आडनावं मोजायला सुरुवात होते. एक गट म्हणतो पेशव्यांनी घात केला, दुसरा म्हणतो तुळाजी बंडखोरच होता. दोघांनाही १७५६ शी देणंघेणं नसतं, आजचा स्कोअर करायचा असतो. गंमत बघा, हे भांडण अगदी आंग्रे-पेशव्यांच्याच वळणाने जातं : समोरचा हरला पाहिजे, मग बंदर जळालं तरी चालेल. कॉलेजच्या इलेक्शनपासून गावकीपर्यंत हा खेळ आपण सगळ्यांनी पाहिलाय. काहींनी खेळलायसुद्धा. मीही त्यातलाच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. तुळाजीला हिरो करू नका, व्हिलनही करू नका. त्याला गोष्टीत ठेवा. जिंकल्याचा अभिमान ज्याला बाळगायचाय, त्याने हरल्याचा हिशेबही ठेवला पाहिजे. नाहीतर तो अभिमान नाही, नुसतं बॅकग्राउंड म्युझिक आहे.

आणि हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर विरार स्टेशनला पश्चिमेला उतरा, अर्नाळ्याची बस पकडा, किनाऱ्यावरून होडीने बेटावर जा. किल्ल्याच्या दरवाजावर बाजीरावांच्या काळातला मराठी शिलालेख आहे, तो वाचायचा प्रयत्न करा. याच किल्ल्याचं नाव घेतलेली आयएनएस अर्नाळा १८ जून २०२५ ला विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणारी, आपल्याच देशात बांधलेली. याच नावाची आधीची युद्धनौका सोव्हिएत बनावटीची होती, १९७२ ते १९९९ या काळात सेवेत असलेली. विरारच्या समोरचं एक छोटं बेट देशाच्या नौदलात दोनदा गेलं, आणि आपल्यातल्या कितीजणांनी ते होडीतून एकदा तरी पाहिलंय?

जाऊन या. रील जरूर काढा. फक्त या वेळी १७३९ च्या खाली १७५६ आणि १८०२ पण लिहा. कॉमेंटमध्ये कुणीतरी विचारेलच, हे काय आहे? मग सांगा.