ड्रोनच्या उंचीवरून रोवणी

आमच्या दिघोरीकडं शॉर्टफिल्म म्हटली की पोरं आधी ड्रोन शोधतात. वरून हिरव्या बांध्या, मागं संथ बासरी, रोवणीच्या बाया मुंग्यांएवढ्या. याला म्हणे सिनेमॅटोग्राफी! मी सॉफ्टवेअरवाला, यंत्राचं वेड मला कळतं. पण बाईचा चेहरा दाखवायचा की नाही, हे यंत्र ठरवत नाही. नागराज मंजुळेंनी अहमदनगरला शिकताना ‘पिस्तुल्या’ केला. विषय, शाळेची ओढ लागलेलं भटक्या समाजातलं पोर. २०१०चा पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. इथं मात्र सिनेमा शिकणारा पोरगा सुट्टीत येतो तो लेन्सच्याच गप्पा घेऊन. दिवसभर चिखलात वाकून रोवणाऱ्या त्याच्याच मावशीच्या हातावर संध्याकाळी किती पैसे टेकवले जातात, हे मी पाहिलेल्या एकाही फिल्ममध्ये आलेलं नाही.