धुराचे माप कोण घेणार?

गुहागर तालुक्यातील अंजनवेलचा वीज प्रकल्प म्हटला की एन्रॉन, विजेचा दर आणि 2001 साली बंद पडलेली वीजनिर्मिती आठवते. तिथले पाईप अन् टाक्या जोडणाऱ्या वेल्डरच्या छातीत किती धूर गेला, हा प्रश्न त्या गदारोळात आम्हाला कुठे दिसला नाही.

या धुरात मँगनीज असते. ते मेंदूवर घाला घालते. स्टेनलेस स्टील जोडताना क्रोमियम, निकेलही उडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला. आपल्या तेव्हाच्या कारखाना कायद्यात 1987 च्या दुरुस्तीने घनमीटर हवेत 5 मिलिग्रॅम अशी मर्यादाही आली.

पण शेडच्या कोपऱ्यात यंत्र ठेवून खरे माप निघत नाही. कमरेला छोटा पंप, नाकाजवळ मुखवट्याच्या आत फिल्टर आणि पूर्ण पाळीची मोजणी हवी. ठेकेदाराचा वेल्डर आज अंजनवेलला, उद्या दुसरीकडे. माप नाही म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून भरपाई नाही!

बाबासाहेब 1942 ते 1946 देशाचे मजूरमंत्री होते. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी आता विचारलेच पाहिजे : ठेकेदारी वेल्डरच्या श्वासाचे माप घ्या आणि अहवाल त्याच्या हाती द्या. ही दयेची याचना नव्हे, हा हक्क आहे.