चित्र काढलं कुणी?

अंतराळावरचा माहितीपट संपतो, दिवे लागतात, माणसं बाहेर येतात. त्यानंतरची पाच मिनिटं फार मोलाची असतात. डोक्यात अजून चंद्र फिरत असतो आणि एरवी गप्प बसणारा माणूसही काहीतरी विचारायला तयार असतो. आपल्याकडे ही पाच मिनिटं बॅनरसमोर ग्रुप फोटो काढण्यात जातात. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

आमच्या वाडीच्या मंडळानं मध्यंतरी रत्नागिरीत चांद्रयानावरचा एक माहितीपट बघायला सगळ्यांना नेलं. खासगी बस, बचत गटातल्या बायका, शाळेतली पोरं, काठी टेकत आलेले दोन आजोबा, कांदेपोहे. कल्पना उत्तम होती आणि माहितीपटही चांगला होता. विक्रम लँडर हळूहळू चंद्रावर उतरतो, धूळ उडते, चारही पाय टेकतात, टाळ्यांचा कडकडाट. बाहेर आल्यावर माझ्या शेजारच्या काकींनी विचारलं, "पन ह्यो फोटू काढलान कोनी? यान तर येकटंच गेलं व्हतं ना?"

दोन पोरं हसली. मंडळाच्या एका कार्यकर्त्यानं घड्याळ बघितलं. "काकी, ते शास्त्रज्ञ बघून घेतात. चला, गाडी थांबलीय."

त्या दिवशी सभागृहात बसलेल्या सगळ्यांत नीट बघणारी एकच व्यक्ती होती, आणि तिलाच आपण गाडीत बसवलं. कारण काकींचा प्रश्न अगदी बरोबर होता. यान बाहेरून दाखवणारं ते दृश्य कुठल्याही कॅमेऱ्यानं टिपलेलं नाही. ते संगणकावर तयार केलेलं आहे. 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी आपण सगळ्यांनी मोबाइलवर जे उतरणं पाहिलं, तेही तसंच संगणकानं काढलेलं चित्र होतं. बंगळुरूच्या नियंत्रण कक्षातल्या माणसांचा श्वास अडकला होता तो आकड्यांवर: उंची किती उरली, वेग किती उरला. सहा वाजून चार मिनिटांनी टाळ्या पडल्या त्या त्या आकड्यांना. खरं चित्रीकरणही आहे, पण ते लँडरच्या स्वतःच्या कॅमेऱ्याचं, वरून खाली बघणारं. त्यात लँडर दिसत नाही, जवळ येणारी चंद्राची जमीन दिसते. चंद्रावर उभ्या असलेल्या विक्रमचा जवळून काढलेला फोटो मिळाला तो आठवडाभरानं, 30 ऑगस्टला, प्रज्ञान रोव्हरनं काढलेला.

हे सांगायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. आणि त्या दोन मिनिटांत काकींच्या हाती आयुष्यभर पुरेल अशी गोष्ट पडली असती: दिसलं ते सगळं टिपलेलं नसतं, काही काढलेलंही असतं. त्याच ऑगस्टमध्ये प्रज्ञानच्या चाकांनी चंद्रावर अशोकस्तंभ उमटवल्याचं एक झकास चित्र व्हॉट्सॲपवर फिरलं होतं. एका कलाकारानं केलेलं चित्र होतं ते. शिकल्यासवरल्या लोकांनी ते फोटो म्हणून पुढे ढकललं. 'हे काढलं कुणी?' असं त्यांनी विचारलं असतं, तर तिथंच थांबलं असतं.

यावर हमखास येणारा पहिला आक्षेप: अभिमान वाटायला नको का? वाटू दे की. मलाही वाटतो. पण प्रश्नाशिवायचा अभिमान काय करतो, ते बघायला फार लांब जायला नको. विजयदुर्ग आज सिंधुदुर्गात आहे, पण 1981 पर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्यातच होता. तिथल्या किल्ल्यावर 'साहेबांचे ओटे' आहेत. 1868 मध्ये लॉकियर साहेबानं या ओट्यांवरून ग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला, असं तुम्ही कुठंतरी वाचलं असेल. दर ऑगस्टला ते पुन्हा फॉरवर्ड होतं. प्रत्यक्षात 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर भारतात नव्हताच. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा आंध्रातल्या गुंटूरमध्ये निरीक्षण करत होता, आणि लॉकियरनं सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. तो विजयदुर्गला आला 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी, म्हणजे तीस वर्षांनी. तोवर रॅम्झीनं पृथ्वीवर, प्रयोगशाळेत, हेलियम मिळवूनही तीन वर्षं होत आली होती. श्रावणातल्या कोकणात आभाळ किती मोकळं असतं, एवढा घरगुती प्रश्न जरी कुणी विचारला असता, तरी ही गोष्ट इतकी वर्षं बिनबोभाट चालली नसती.

वाईट याचं वाटतं, की या खोट्या गोष्टीनं त्याहून सुंदर असलेली खरी गोष्ट झाकून टाकली. 1898 मध्ये लॉकियरच्या मदतीला होते मेल्पोमीनी या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी. ते खगोलशास्त्रज्ञ नव्हते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. त्यासाठी त्यांची आधी तालीम झाली, गट पाडले गेले, कामं वाटली गेली. कुणी दुर्बिणीपाशी, कुणी वेळ मोजायला, कुणी नुसत्या डोळ्यांनी सूर्याभोवतीचा प्रभामंडळ बघून कागदावर काढायला. अंतराळ बघायला आलेला एक मोठा गट, आणि त्यातल्या प्रत्येकाला काम! सहल अशी असते.

दुसरा आक्षेप जास्त गोड आवाजात येतो: साध्या माणसांना एवढं कशाला, एक दिवस बाहेर पडली, हसली, पुरे की. बाईला घरातून एक दिवस सुटका मिळणं ही लहान गोष्ट नाही, हे मला मान्य आहे. पण ज्याला तुम्ही कीव म्हणता, तिच्या तळाशी तुच्छता आहे. सामान्य माणसाला डोळे आहेत, डोकं नाही, असं तुम्ही गृहीत धरता. याच जिल्ह्यात, दापोलीजवळच्या मुरुडमध्ये 1853 साली शंकर बाळकृष्ण दीक्षित जन्मले. पेशानं शाळामास्तर. त्यांनी लिहिलेला 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. मास्तरला जमलं, खलाशांना जमलं, आणि बचत गटाचा हिशेब पैशापैशानं जुळवणाऱ्या बाईला मात्र विचारायचं नाही?

आज रत्नागिरीत तारांगण आहे. जिल्हा परिषदेनं निवडक मुलांना इस्रो आणि नासापर्यंत नेऊन आणलं. चांगलं झालं. पण निवडलेली मुलं थोडी असतात. बाकीच्या सगळ्यांच्या वाट्याला येते ती एक बस आणि एक माहितीपट. म्हणून त्या माहितीपटानंतरचा वेळ वाया घालवायचा नाही. पावसाळ्यात आभाळ बंद असतं, तेव्हा पडद्यावरचं आकाशच खरं, कबूल. पण दिवाळीनंतर त्याच बसनं परतताना भाट्याच्या किनाऱ्यावर थांबता येतं. साध्या द्विनेत्रीतून गुरूचे चंद्र दिसतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक कधी डोक्यावरून जाणार, ते मोबाइल सांगतो, आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसतं. सुमारे 400 किलोमीटरवर असतं ते. आपल्या चाकरमान्यांची मुंबई जेवढी लांब, त्याहून थोडंसंच जास्त.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन असतील. पुढच्या सहलीचा मेसेज तुम्हीच टाइप करणार आहात. गाडीची वेळ, वर्गणी, नाश्ता एवढं लिहून झालं की खाली एक ओळ वाढवा: सिनेमा संपल्यावर अर्धा तास प्रश्न, ग्रुप फोटो त्यानंतर. उत्तरं देऊ शकेल असा विज्ञानाचा एखादा शिक्षक सोबत घ्या. आणि पहिला प्रश्न गाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारू द्या.