अंधारातली घोरपड

पी.एल. चालू झाली की लाइट जाणार, हा आपल्या हॉस्टेलचा जुना रिवाज. मागच्या सेमला ट्रान्सफॉर्मर उडाला त्या रात्री माझ्या रूम पार्टनरच्या टेबलावर एक सांगाडा चमकत होता. खोटं कशाला बोलू, मी चक्क ओरडलो. शेजारच्या तीन रूममधली पोरं धावत आली. निघालं काय, तर नाणं!

पार्टनरचे मामा कॅनडात विनिपेगला असतात, त्यांनी पाठवलेलं. कॅनडाच्या सरकारी टाकसाळीनं, म्हणजे रॉयल कॅनेडियन मिंटनं, २०१२ पासून प्राचीन प्राण्यांची अशी नाणी काढली. आमच्या रूमवरचं टायलोसॉरसचं. उजेडात बघाल तर रंगीत प्राणी, अंधारात त्याच जागी नुसती हाडं. मागच्या बाजूला राणी एलिझाबेथ.

टायलोसॉरस म्हणजे डायनासोर नव्हे, हे मेसमध्ये रोज कुणाला तरी सांगावं लागतं. तो मोसासॉर. सरडे, घोरपडी, साप यांच्या गोतावळ्यातला, पण समुद्रात राहायला गेलेला. सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या मधोमध समुद्र होता. मामांच्याच मॅनिटोबा प्रांतात १९७४ साली या जातीचा एक सांगाडा सापडला, लांबी जवळपास १३ मीटर! आपली एस.टी. त्याच्यापुढे लहान पडेल. मॉर्डन गावच्या म्युझियममध्ये तो ठेवलाय आणि लोक त्याला लाडानं ‘ब्रूस’ म्हणतात.

आणि चमकतं कसं? (व्हायवाला विचारलं तर निदान एवढं सांगा.) असल्या रंगांत हल्ली बहुधा स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट असतं, त्यात युरोपियमची चिमूट. उजेड पडला की इलेक्ट्रॉन वर चढतात आणि काही तिथेच अडकून बसतात. मग अंधारात हळूहळू सुटून खाली येतात, तो हा उजेड. पूर्वी घड्याळाच्या काट्यांना रेडियम लावायचे, तसलं यात काही नाही.

असो. खरा मुद्दा पुढे आहे. पार्टनरचं दोन महिन्यांचं मेसबिल थकलं होतं. घरी मागायची सोय नव्हती. कुणीतरी अक्कल दिली की परदेशी नाणं आहे, लिमिटेड एडिशन, लाखाला जाईल. आम्ही सिटीत एका नाणीवाल्याकडे गेलो. त्यानं नाणं उलटंसुलटं केलं, हाताच्या ओंजळीत अंधार करून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘दोनशे देतो.’’ पार्टनरचा चेहरा बघवेना.

त्या माणसाला मी दोष देत नाही. नाण्यावर छापलेली किंमत २५ सेंट, त्यात चांदी नाही, सोनं नाही. टाकसाळीनं ते तीसेक डॉलरला विकलं, तेव्हा वरचे पैसे गमतीचे होते. गंमत परत विकता येत नाही. पण सरकारी टाकसाळच जेव्हा ‘मर्यादित संख्या’ म्हणून मिरवते, तेव्हा साध्या माणसाला ती ठेव वाटणारच. हे मला पटत नाही. खेळणं विकायचं तर खेळणं म्हणून विका. २०१७ साली त्यांनीच चमकणारं दोन डॉलरचं नाणं व्यवहारात आणलं, ते मला जास्त आवडलं. किराणावाल्यानं सुटे दिले की हातात उत्तर ध्रुवाकडचा प्रकाश!

तरी ‘पोरखेळ आहे सगळा’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्या रात्री आठ-दहा मेकॅनिकलवाले ब्रूसबद्दल तासभर भांडत होते. एवढं एखाद्या लेक्चरनं केलंय? आपल्याकडे कच्छमध्ये इक्थिओसॉरचा साडेपाच मीटरचा, जवळपास अख्खा सांगाडा मिळाला, २०१७ मध्ये तो जाहीर झाला. ज्युरासिक काळातला समुद्री प्राणी, तोही आपल्या शेजारच्या राज्यात! हॉस्टेलमध्ये किती जणांना माहीत होतं? मी विचारलं, एकालाही नाही. मुंबईच्या टाकसाळीत जयंती-शताब्दीची नाणी पाडतात, जरूर पाडावीत. पण एखादं या कच्छच्या प्राण्याचं का नको? चमकलं नाही तरी चालेल, फक्त दहा रुपयांचं असावं. (दहाचं नाणं घेत नाही म्हणणाऱ्या टपरीवाल्यालाही बहुधा मोह होईल.)

नाणं अजून टेबलावरच आहे. मेसबिल आम्ही तिघांनी वर्गणी काढून भरलं. पार्टनरनं माझे पैसे अजून दिलेले नाहीत, आणि मॅगझिन तो नक्की वाचतो.

– टी.ई. मेकॅनिकल